स्लाइड पाठ करू नका, वाचायला शिका: बेळगावकडच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी हिस्टॉलॉजी

खानापूर, नंदगड, येळ्ळूर, निपाणीकडच्या मराठी शाळांत शिकलेली मुलं-मुली दरवर्षी बेळगावात एमबीबीएस, बीएएमएस, नर्सिंग, फिजिओथेरपी नाहीतर लॅब टेक्निशियनच्या वर्गात येऊन बसतात. विच्छेदनाचा तास त्यांना तसा जड जात नाही. हाड हातात धरता येतं, स्नायू चिमट्याने उचलून बघता येतो. घोडं अडतं ते हिस्टॉलॉजीच्या, म्हणजे अवयवांचे पातळ काप मायक्रोस्कोपखाली बघण्याच्या तासाला. गोल उजेडात गुलाबी-जांभळे ठिपके दिसतात, शेजारची मैत्रीण ‘स्टमक’ म्हणून मोकळी होते, आणि आपल्याला कालची स्लाइड आणि आजची स्लाइड यांत फरकच दिसत नाही.

मग जो उपाय केला जातो तोच घात करतो. स्लाइडचा रंग, काचेच्या कोपऱ्यातला बुडबुडा, लेबलवरची पुसट शाई असं काहीबाही लक्षात ठेवलं जातं. परीक्षेत दुसऱ्या ट्रेमधली स्लाइड लावली की सगळं संपलं. स्लाइड मोठ्याकडून बारीककडे वाचत जायची असते, आणि चाळीसचं, म्हणजे चाळीस पट मोठं दाखवणारं भिंग लावण्याआधी बहुतेक उत्तर हाती आलेलं असलं पाहिजे.

समोरच्या काचेवर नक्की काय आहे?

अवयवाचा छोटा तुकडा आधी दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, म्हणजे तो कुजत नाही आणि घट्ट होतो. मग चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून काढून त्यातलं पाणी घालवतात, झायलीनमध्ये अल्कोहोल घालवतात, आणि साठ अंशांच्या आसपास वितळलेल्या पॅराफिन मेणात तो बसवतात. मेणाची वडी मायक्रोटोमवर, म्हणजे काप काढायच्या यंत्रावर, लावून पाच ते सात मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचे काप काढले जातात. माणसाची तांबडी रक्तपेशी साडेसात मायक्रॉन रुंद असते. म्हणजे तुम्ही पाहता तो काप एका रक्तपेशीच्या रुंदीपेक्षाही पातळ असतो.

ही प्रक्रिया ठाऊक असेल तर निम्मे गोंधळ आपोआप मिटतात. चरबी झायलीनमध्ये विरघळून जाते, म्हणून चरबीच्या पेशीच्या जागी पांढरं रिकामं वर्तुळ आणि कडेला दाबला गेलेला केंद्रक एवढंच उरतं. काप आकसतो, म्हणून दोन थरांमध्ये पांढरी फट दिसते. ती शरीरातली नळी नव्हे. खऱ्या पोकळीला आतून पेशींचं अस्तर असतं, फटीला नसतं. वहीत ‘डक्ट’ म्हणून काढलेल्या कितीतरी आकृत्या मुळात अशा फटीच असतात.

दुसरी गोष्ट कापाच्या दिशेची. भेंडी आडवी, तिरकी आणि उभी अशी तीन प्रकारे चिरून पाहा. एकाच भेंडीचे तीन वेगळे चेहरे दिसतात. आतड्याचे विलाय (आतल्या अस्तराचे बोटांसारखे उंचवटे), मूत्रपिंडातल्या नलिका, वृषणातल्या नलिका हे सगळं असंच तिरकं-आडवं कापलं गेलेलं असतं. विलाय आडवा कापला गेला की तो पोकळीत तरंगणारं बेट वाटतो. एकाच सरळ रांगेतल्या पेशीही तिरक्या कापात चार थरांच्या भासतात. म्हणून थर मोजायचे तर जिथे पेशी काटकोनात कापल्या गेल्यात अशी जागा शोधून तिथेच मोजायचे.

आता रंग. हिमॅटॉक्सिलीन हा मूळचा मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या गाभ्यातून काढलेला रंग. तुरटीच्या क्षाराबरोबर तो केंद्रकातल्या आम्लांना धरतो आणि निळसर जांभळा दिसतो. इओसिन पेशीद्रव्य, स्नायू आणि कोलॅजन यांना गुलाबी करतं. इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. पुढचं फार कमी मुलं ध्यानात ठेवतात. पेशीद्रव्यच निळसर झाक मारत असेल तर त्यात रायबोसोम खच्चून भरलेत आणि ती पेशी प्रथिनं बनवते आहे. पेशी गडद गुलाबी, दाणेदार असेल तर तिच्यात तंतुकणिका, म्हणजे मायटोकाँड्रिया, भरपूर आहेत आणि ती ऊर्जा जाळणारं काम करते आहे. आणि पेशी फिकट, धुरकट असेल तर तिच्यात बहुधा श्लेष्म तरी होता, नाहीतर चरबी.

स्वादुपिंडाच्या एकाच पेशीवर हे पडताळून पाहता येतं. तिथल्या पेशी मधल्या पोकळीभोवती गुच्छाने बसलेल्या असतात; अशा पेशीचा बाहेरचा, तळाचा भाग निळा असतो, कारण तिथे एन्झाइम तयार होतात. मधल्या पोकळीकडचा भाग गुलाबी असतो, कारण तयार माल तिथे दाण्यांच्या रूपात साठलेला असतो. एका पेशीत कारखाना आणि कोठार शेजारी शेजारी दिसतात. ही पेशी एकदा नीट पाहिलीत की रंगाचं कोष्टक पाठ करण्याची गरजच उरत नाही.

मायक्रोस्कोप लावताना

सर्वांत लहान भिंग, म्हणजे चारचं, खाली आणा. स्टेजवर स्लाइड ठेवताना कव्हरस्लिप वरच्या बाजूला आहे ना, ते बोटाने हलकेच चाचपून बघा. स्लाइड उलटी लागली तर चार आणि दहावर सगळं छान दिसतं, पण चाळीसवर काही केल्या फोकस होत नाही आणि विद्यार्थी उगाच मायक्रोस्कोपला दोष देत बसतो. बाजूने डोळा लावून भिंग स्लाइडजवळ न्या, मग आयपीसमधून (डोळा लावायच्या भिंगातून) बघत मोठ्या चाकाने ते लांब करत फोकस आणा. चाळीसवर गेल्यावर मोठ्या चाकाला हात लावायचा नाही. फक्त बारीक चाक.

दिव्याचा मायक्रोस्कोप असेल तर ठीक. आरशाचा असेल तर बेळगावच्या पावसाळ्यात खिडकीजवळची जागा आधी पकडा. जुलैत दुपारी तीनलाही इथे उजेड मंद असतो आणि वीज जायला निमित्त लागत नाही. कंडेन्सर, म्हणजे स्टेजखालचं उजेड एकवटणारं भिंग, असेल तर सपाट आरसा वापरा. चारवर कंडेन्सर थोडा खाली, चाळीसवर वर. चित्र पांढरंफटक दिसत असेल तर दिवा मंद करण्याआधी आयरिस (उजेडाचं छिद्र लहान-मोठं करणारी झडप) थोडी मिटून पाहा, कडा लगेच उठून येतात.

आकाराचा अंदाज येण्यासाठी एक हिशेब कायमचा लक्षात ठेवा. आयपीसवर १८ हा फील्ड नंबर असेल तर चारच्या भिंगातलं वर्तुळ साडेचार मिलिमीटरचं, दहाच्या भिंगातलं १.८ मिलिमीटरचं आणि चाळीसच्या भिंगातलं फक्त ०.४५ मिलिमीटरचं असतं. थेट चाळीसवर उडी मारणारा अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान जागा बघून अख्ख्या अवयवाबद्दल बोलत असतो. आणि मोजपट्टी स्लाइडवरच असते. कुठेतरी एखादी रक्तवाहिनी सापडतेच, तिच्यातल्या तांबड्या पेशीशी बाकीच्यांची तुलना करायची.

आधी नुसत्या डोळ्यांनी

स्लाइड लावण्याआधी ती पांढऱ्या कागदावर धरून बघायची सवय लावा. मेरुरज्जूच्या आडव्या कापात मधला करडा एच आकार दिसतो. अनुमस्तिष्काच्या बारीक पानांसारख्या घड्या दिसतात. नळीसारख्या अवयवाची पोकळी दिसते. दोन-चार स्लाइड तर इथेच ओळखल्या जातात.

याच कारणासाठी एक रविवार मटणाच्या दुकानात घालवा असं मी सांगेन. बकऱ्याचा एक गुर्दा, दिल आणि नरडं मागून घ्या. गुर्दा उभा चिरला की बाहेरचा बाह्यक आणि आतला मध्यांग यांतला रंगातला फरक स्पष्ट दिसतो. बकऱ्यात आतले पिरॅमिड एकमेकांत मिसळून एकच कंगोरा झालेला असतो. माणसाच्या मूत्रपिंडात ते साधारण आठ ते अठरा वेगळे असतात, हा फरक लक्षात ठेवूनच बघा. नरड्यावरून बोट फिरवा. पुढच्या बाजूला कूर्चेच्या कड्या लागतात, मागे मऊ जागा लागते. कड्या पूर्ण नसतात आणि मागची फट स्नायूने भरलेली असते, हे बोटाला एकदा कळलं की श्वासनलिकेची स्लाइड विसरत नाही. हृदयाच्या डाव्या आणि उजव्या जवनिकेची भिंत शेजारी शेजारी ठेवून जाडी बघा. वजडीच्या वाटेला मात्र जाऊ नका. बकऱ्याचं जठर चार कप्प्यांचं, त्यावरून माणसाचं जठर शिकायला जाल तर घोटाळाच होईल. घरची सुरी वापरा, विच्छेदनाची हत्यारं नकोत, आणि कापलेलं पुन्हा भांड्यात टाकू नका. शाकाहारी घरातल्यांनी कॉलेजच्या म्युझियममधल्या बरण्या वहीसमोर ठेवून हेच करावं.

विच्छेदनगृहात अवयव हातात असतो त्याच आठवड्यात त्याची स्लाइड बघितलीत तर दोन्ही डोक्यात राहतात. आपल्या भागात देहदानाबद्दल मोकळेपणाने बोललं जातं याला एक कारण आहे. २०१० साली बेळगावातल्या आयुर्वेद महाविद्यालयात डॉ. महांतेश रामण्णावर यांनी वडिलांच्या इच्छेनुसार त्यांच्याच देहाचं विच्छेदन विद्यार्थ्यांसमोर केलं. टेबलावर जे समोर असतं ते अनेकदा कुणीतरी स्वतःहून दिलेलं असतं. त्या तासाला गप्पा छाटणाऱ्यांना मी तरी माफ करत नाही.

चारच्या भिंगाखाली तीन प्रश्न

पहिला प्रश्न: पोकळी आहे का? असेल तर तो नळीचा अवयव. दुसरा: पोकळी नसेल तर बाहेर आवरण आणि आत दोन वेगळ्या रंगांचे भाग आहेत का? असतील तर मूत्रपिंड, अधिवृक्क (ॲड्रिनल), लसीका गाठ (लिम्फ नोड), थायमस यांच्यापैकी काहीतरी. तिसरा: सगळीकडे सारखंच दिसतं का? मग यकृत, स्वादुपिंड, लाळग्रंथी, थायरॉइड, फुप्फुस, प्लीहा. एवढं ठरल्यावरच दहाचं भिंग.

बऱ्याच ठिकाणी पहिल्याच आठवड्यात अभिस्तर ऊतींचे, म्हणजे अस्तर बनवणाऱ्या पेशींचे, सगळे प्रकार घोकायला लावतात. मला ते उलटं वाटतं. अवयव माहीत नसताना ‘स्यूडोस्ट्रॅटिफाइड’ (एकच थर, पण अनेक भासणारा) हा शब्द हवेत लटकतो. श्वासनलिका बघताना तो शिकलात तर चिकटतो.

पचनमार्ग: इथे वेळ द्या

परीक्षेत सर्वांत जास्त स्लाइड इथल्याच असतात आणि सर्वांत जास्त चुकाही इथेच होतात. रचना सगळीकडे तीच: आतून बाहेर म्यूकोसा (आतलं अस्तर), त्याखालचा सबम्यूकोसा, स्नायूचा थर, आणि सेरोसा किंवा ॲडव्हेंटिशिया (बाहेरचं आवरण). बदलतं ते एवढंच की पहिल्या दोन थरांत काय भरलंय.

पोकळीच्या कडेने जाड, अनेक थरांचं चपटं अस्तर दिसलं तर अन्ननलिका. सोबतच्या स्नायूला आडव्या रेघा असतील तर काप वरच्या भागातला, सगळा अरेखित असेल तर खालचा, दोन्ही मिसळलेले असतील तर मधला. जठरात अस्तर एकदम एकपदरी होतं आणि त्यात खोल खड्डे असतात. ग्रंथींमध्ये दोन पेशी शोधा. मधोमध केंद्रक असलेली मोठी गुलाबी ती पराइटल, आम्ल सोडणारी. तळाशी गर्दी करून असलेली निळसर ती चीफ, पेप्सिनोजेन बनवणारी. वर सांगितलेला रंगाचा नियम इथे जसाच्या तसा लागू पडतो.

लहान आतड्यात आलात की विलाय दिसतात. आता नजर विलायांवरून काढून सबम्यूकोसावर न्या. तिथे फिकट ग्रंथींचे पुंजके असतील तर ते आद्यांत्र (ड्युओडिनम), ग्रंथी ब्रुनरच्या. तिथे जांभळ्या लसीकापेशींचे मोठे गोळे म्यूकोसाला ढकलून बसले असतील तर शेषांत्र (इलियम), ते पेयरचे पुंजके. दोन्हीपैकी काहीच नसेल आणि विलाय लांब असतील तर मध्यांत्र (जेजुनम). पचनमार्गात सबम्यूकोसामध्ये ग्रंथी फक्त दोन ठिकाणी असतात, अन्ननलिका आणि आद्यांत्र. तोंडी परीक्षेत हा प्रश्न नक्की येतो.

मोठ्या आतड्यात विलाय नाहीत. सरळ खोल ग्रंथी आणि श्लेष्म बनवणाऱ्या गॉब्लेट पेशींची रेलचेल. अपेंडिक्स त्याचाच धाकटा भाऊ, पण पोकळी छोटी, भोवती लसीका गोळ्यांचं कडं, आणि उभा स्नायू सलग वर्तुळात, बृहदांत्रासारखा तीन पट्ट्यांत गोळा झालेला नाही. वय वाढत जातं तसे ते गोळे कमी होतात, त्यामुळे फक्त त्यांच्यावर विसंबू नका, स्नायूचं वर्तुळही बघा.

यकृताच्या बाबतीत एक सावधगिरी. पुस्तकात षटकोनी, ठळक कुंपणाचे लोब्यूल, म्हणजे अवयवाचे छोटे कप्पे, काढलेले असतात. कुंपण डुकराच्या यकृतात तसं दिसतं. माणसाच्या यकृतात ते जवळजवळ नसतं, म्हणून मध्यवर्ती शीर आणि तिच्यापासून लांब असलेली त्रयी, म्हणजे शीर, धमनी आणि पित्तनलिका, शोधून षटकोन मनाने जोडावा लागतो. स्वादुपिंड आणि पॅरोटिड (कानाजवळची लाळग्रंथी) यांत गफलत होतेच. फिकट गोल बेटं दिसली तर स्वादुपिंड. पॉल लँगरहान्सने १८६९ मध्ये त्यांचं वर्णन केलं, तेव्हा ती कशासाठी आहेत हे त्यालाही उमगलं नव्हतं. बेटं नाहीत, पण गुलाबी रेघा असलेल्या नलिका जागोजाग आहेत, तर पॅरोटिड.

मूत्रपिंड, एकाच फिल्डमध्ये

चारवर बाह्यकात ठिपके दिसतात. ते ग्लोमेरुलस, प्रत्येकी साधारण ०.२ मिलिमीटर. दहावर एक मध्यभागी आणा, मग चाळीस. केशवाहिन्यांचा गुंता, भोवती पांढरी चंद्रकोर, तिच्याबाहेर चपट्या पेशींची बोमनची भिंत. आता भोवतालच्या नलिका बघा. काही गडद गुलाबी, आतली कड धूसर, पोकळी अनियमित, आणि एका कापात केंद्रक कमी. त्या जवळच्या वळलेल्या नलिका. पेशी मोठ्या म्हणून केंद्रक कमी, ब्रश बॉर्डर (कडेची बारीक केसाळ झालर) म्हणून कड धूसर. दुसऱ्या फिकट, पोकळी स्वच्छ, केंद्रक जास्त. त्या दूरच्या. पहिल्या प्रकारच्या नलिका जास्त का दिसतात? कारण ती नलिका लांब असते, त्यामुळे कापात वारंवार सापडते. एखाद्या ग्लोमेरुलसच्या कडेला दूरच्या नलिकेच्या भिंतीत केंद्रकांची दाटी दिसली तर ती मॅक्युला डेन्सा. सापडली तर शेजारच्यांना बोलावून दाखवा, प्रत्येक स्लाइडमध्ये ती मिळत नाही. मध्यांगात हेन्लेची पातळ नळी आणि केशवाहिनी सारख्याच दिसतात. आत तांबड्या पेशी असतील तर केशवाहिनी.

चार जांभळे अवयव

लसीका गाठ, प्लीहा, थायमस आणि टॉन्सिल. चारी जांभळे, चारींत लसीकापेशी. चाळीसवर सगळे एकसारखेच, म्हणून इथे चाळीसला जाऊच नका. एका कडेला जाड बहुस्तरी अस्तर आणि त्यात खोल चिरा असतील तर टॉन्सिल. आवरणाखाली फिकट पट्टा, बाहेर गोल पुंजके आणि आत दोऱ्या असतील तर लसीका गाठ. गोल पुंजके विखुरलेले, प्रत्येकाच्या बाजूला एक छोटी धमनी, बाकी सगळं रक्ताने लाल, बाह्यक-मध्यांग असा भेदच नाही, तर प्लीहा. पुंजके नाहीत, पण गडद बाह्यक आणि फिकट मध्यांग असलेले लोब्यूल, आणि मध्यांगात गुलाबी, थरांचे हॅसलचे कण, तर थायमस.

बाकीचे झटपट

स्नायूंत केंद्रक कुठे आहे ते बघा. कडेला आणि अनेक असतील तर कंकाल, मध्ये आणि तंतूंना फांद्या असतील तर हृदय, मध्ये पण पेशी चातीसारखी निमुळती असेल तर अरेखित. धमनी गोल, मधला थर जाड. शीर पसरलेली, बाहेरचा थर जाड. फुप्फुसात ब्राँकसला कूर्चेचे तुकडे असतात, ब्राँकिओलला नसतात. मूत्रवाहिनीची पोकळी ताऱ्याच्या आकाराची, शुक्रवाहिनीचा स्नायू पोकळीच्या मानाने अवाढव्य, बीजवाहिनीत घड्यांचा भुलभुलैया. थायरॉइड आणि दूध येणाऱ्या काळातलं स्तन यांत गोंधळलात तर ऊतींचे पडदे बघा. स्तनात लोब्यूल स्पष्ट वेगळे असतात. अनुमस्तिष्काच्या दोन थरांमधली मोठ्या पेशींची एकेरी रांग पुर्किंजेची, वर्णन १८३७ चं.

वही आणि तोंडी परीक्षा

आकृती आधी चारवर काढा. बाह्यरेषा आणि थरांचं प्रमाण बरोबर आलं की दहावरचा एखादा भाग, आणि चाळीसवरच्या फक्त दोन-तीन पेशी. पुस्तकातली आकृती उतरवून काढलेली वही तपासणाऱ्याला पहिल्या पानावर कळते, कारण तिच्यात काप कधीच तिरका नसतो. जांभळी आणि गुलाबी, दोनच पेन्सिली बास. प्रत्येक आकृतीखाली ओळखण्याच्या दोन खुणा लिहा, पाच नकोत.

परीक्षक नाव सांगून थांबू देत नाहीत. “कशावरून?” हा त्यांचा दुसरा शब्द असतो. मराठी शाळेतून आलेली मुलं इथे गप्प होतात आणि त्यांना आलंच नाही असं समोरच्याला वाटतं. उत्तर डोक्यात मराठीत तयार होऊ दे, हरकत नाही, पण दोन खुणांची दोन इंग्रजी वाक्यं आदल्या महिन्यापासून मोठ्याने म्हणा, कन्नड मित्रासमोर म्हणा, त्याचंही घोडं तिथेच अडलेलं असतं. स्पॉटिंगला, म्हणजे ठेवलेली स्लाइड बघून नाव लिहायच्या परीक्षेला, स्लाइड हलवायची परवानगी नसते आणि पॉइंटर एका जागी खिळलेला असतो. आधी अख्खं दृश्य बघा, मग पॉइंटरचं टोक. विचारलेलं नाव अवयवाचं आहे की टोकावरच्या पेशीचं, हे कागदावर नीट वाचा.

उठताना चारचं भिंग खाली आणून स्लाइड काढा. शंभरचं वापरलं असेल तर तेल लेन्स पेपरनेच पुसा, ओढणी-रुमालाने नव्हे. सिनिअरकडून स्वस्तात मायक्रोस्कोप घेऊन खोलीवर ठेवला असेल तर जून ते सप्टेंबर तो कपाटात बंद ठेवू नका. इथल्या दमट हवेत भिंगावर बुरशीची जाळी धरते आणि ती एकदा काचेवर रुजली की निघत नाही. झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा निळे करून घ्या. तो तवा मग स्वयंपाकाला वापरू नका.